आईच्या घड्याळातले सोनेरी काटे

आई गेल्यावर तिचं घड्याळ माझ्याकडे आलं. मी एकुलती एक, त्यामुळे सगळंच माझ्याकडे आलं. साड्या, पितळेचे डबे, जुन्या चष्म्यांच्या केसेस. बाकीच्या वस्तूंचं काय करायचं ते मी पटापट ठरवलं. घड्याळाचं मात्र काही सुचेना, कारण आमच्या घरात जे एकमेव मोठं भांडण झालं ते या घड्याळावरून झालं होतं आणि आई जाईपर्यंत ते मिटलं नव्हतं.

घड्याळ बायकांचं, चावी द्यायचं, जुन्या आठ आण्याएवढं. रुपेरी डायल आणि त्यावर केसासारखे बारीक सोनेरी काटे. पट्टा इतक्या वेळा बदललेला की मूळचा कसा होता ते आता सांगता येत नाही. आई ते शेवटपर्यंत हातात घालायची. रोज मागे पडायचं, ती रोज सकाळी रेडिओवर लावून घ्यायची आणि लावताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. काय पुटपुटायची ते मला पाठ होतं. "माझं होतं ते नेलंन."

कुणी नेलं, ते सांगते. आम्ही टेंभी नाक्याजवळ एका चाळीत दोन खोल्यांत राहायचो. काका-काकू, त्यांचा मुलगा, आई-बाबा आणि मी. काका थोरले, म्हणून काकू थोरली जाऊ आणि आई धाकटी. दोघी नोकरी करायच्या. आई नौपाड्यातल्या एका शाळेत शिकवायची, काकू टेलिफोनमध्ये होती. दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच कंपनीची घड्याळं घेतली होती. आईचं रुपेरी डायलचं, दिसायला साधं पण आतून भारी. काकूचं सोनेरी डायलचं, देखणं पण मशीन हलकं. आईचं चोख चालायचं. काकूचं मागे पडायचं, मग ती रोज सकाळी आईच्या मनगटाशी मनगट लावून आपलं घड्याळ जुळवून घ्यायची. "माझं आपलं माझ्यासारखं, सावकाश," असं म्हणून हसायची. तेव्हा हसायच्या दोघी. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून सांगते.

मी बारावीला होते त्या वर्षी दोन्ही घड्याळं एकत्रच साफसफाईला दिली. ऑइलिंग करून आणू, म्हणाले बाबा. द्यायला बाबा गेले, आणायला काकू गेली. आल्याआल्या आईनं घड्याळ हातात घालून उजेडात धरलं आणि म्हणाली, "काटे बघ कसे सोन्यासारखे केलेत त्यानं." खूश होती. पण चार-आठ दिवसांत तिच्या लक्षात आलं की आपलं घड्याळ मागे पडतंय. शाळेत एकदा तास सुरू झाल्यावर पोचली, मुख्याध्यापकांचं ऐकून घ्यावं लागलं. आणि काकूचं, जे आयुष्यात कधी वेळेवर चाललं नव्हतं, ते सुरळीत चालायला लागलं.

आई दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, बाई, घड्याळ जुनं झालं की असं होतं. हातातसुद्धा घेतलं नाही त्यानं.

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती आणि काकू भाजत होती. मी दारात भाजी निवडत बसलेले. आई लाटता लाटता म्हणाली, "आतलं मशीन बदललंय. आणायला कोण गेलं होतं?" एवढंच. आवाज चढवला नाही, वर बघितलं नाही. काकूनं तव्यावरची पोळी काढली, तवा खाली उतरवला, स्टोव्ह बंद केला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. उरलेल्या पोळ्या आईनं एकटीनं भाजल्या.

पुढे कित्येक महिने मी त्या दोघींची टेलिफोन एक्स्चेंज झाले होते. "तुझ्या काकूला सांग, डाळ शिजलीये." काकू तिथेच, हातभर अंतरावर. "तुझ्या आईला सांग, मला दिसतंय." मला तेव्हा गंमत वाटायची, खरं सांगते. मग गंमत संपली. काकांनी कल्याणला जागा घेतली, आम्ही डोंबिवलीला आलो. बाबा आणि काका एकमेकांकडे जात राहिले, बायकांचं नाव न काढता. पुढे दोघे पुरुष गेले, आणि जाणं-येणंही गेलं.

मी कायम आईच्या बाजूची. आईनं खोटं बोललेलं मी कधी ऐकलं नाही, मग हेच कसं खोटं असेल? काकूनं केलं म्हणजे केलं, विषय संपला. माझा स्वभावच तसा आहे, एकदा ठरलं की ठरलं. माझा नवरा म्हणतो, तुझ्याशी वाद घालण्यापेक्षा रिक्षावाल्याशी घालावा.

तर गेल्या हिवाळ्यात कल्याणला नात्यातलं एक लग्न होतं. आईचं वर्ष व्हायचं होतं, तरी मी जाऊन आले, तोंड दाखवायला. तिथे माझ्या चुलतभावाची बायको भेटली. आम्ही दोघी ताटं घेऊन उभ्या होतो. बोलता बोलता ती अगदी सहज म्हणाली, "आमच्या सासूबाईंवर तुमच्या आईंनी उगाच आळ घेतला होता ना त्या घड्याळाचा. जाऊ दे, आता तुमच्या आईही राहिल्या नाहीत." वर मला गुलाबजाम घ्यायचा आग्रह.

माझं जेवण तिथेच संपलं. आळ? माझ्या आईनं? म्हणजे तिकडे इतकी वर्षं हेच चाललेलं, की आमची आई आळ घेणारी. सून घरात आली ती भांडणानंतर किती वर्षांनी, तिनं ना आईला धड पाहिलेलं ना ते घड्याळ. तिलाही तेच पढवलेलं. आणि आई बिचारी आता काही बोलायला येणार नाही. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. नवऱ्यानं चहा विचारला तर त्याच्यावरच खेकसले. मग घड्याळ काढलं आणि ठरवलं की याचा काय तो निकाल लावायचा. आईचं घड्याळ काकूनं बदललं की नाही, हे कुणीतरी जाणकारानं उघडून सांगायचं. आई खरी होती हे मला त्या घरात जाऊन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणायचं होतं.

जाणकार शोधायला लांब जावं लागलं नाही. नौपाड्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, आता प्रॅक्टिस बंद केलीये. त्यांनीच कधीकाळी माझी अक्कलदाढ काढली होती. त्यांना जुन्या घड्याळांचा नाद आहे, त्यातही बायकांच्या घड्याळांचा. स्वतःच्या त्या संग्रहाविषयी ते इतकं बोलतात की पूर्वी दवाखान्यात पेशंट तोंड उघडून निमूटपणे ऐकत असत, दुसरा इलाजच नसे. मी फोन केला, ते म्हणाले, "या, पण वेळेवर या."

दवाखान्यातली ती खुर्ची अजून आहे. मला तिच्यातच बसवलं, कारण दुसऱ्या सगळ्या खुर्च्यांवर घड्याळांचे खोके. त्यांनी दात बघायचा दिवा ओढून ट्रेवर आणला, डोळ्याला भिंग लावलं आणि आईचं घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

"हे घड्याळ नाही, खिचडी आहे," ते म्हणाले.

"माझ्या आईचं आहे," मी म्हटलं.

"असेल ना. खिचडीसुद्धा आईच करते."

मी उठणारच होते. पण तेवढ्यात त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला बघायला बोलावलं. आत ते इवलंसं चाक इकडून तिकडे हलत होतं. त्यांच्या बोलण्यातला फुशारकीचा भाग सोडून दिला तर मुद्दा असा. डायलवर बारीक इंग्रजी अक्षरांत सतरा ज्वेल्स, म्हणजे मशीनमधले बारीक खडे, जितके जास्त तितकं मशीन भारी, असं लिहिलेलं आहे, पण आतल्या मशीनवर कोरलेलं त्याहून कमी आहे. म्हणजे हे मशीन या डायलचं नाही. कंपनी तीच, माप तेच, त्यामुळे बसतं नीट, पण प्रत हलकी. चावी तर आणखी तिसऱ्याच कुठल्यातरी घड्याळाची, ती मात्र झिजल्यावर पुढे कधीतरी कुणी बदलली असेल, ते सगळ्याच जुन्या घड्याळांचं होतं.

"म्हणजे मशीन बदललंय," मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की मलाच ऐकू आला. "आई म्हणत होती तेच. कुणीतरी चांगलं काढून घेतलंय."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कपाटातून आपला एक खोका काढला आणि त्यातून दोन घड्याळं ट्रेवर ठेवली. एक रुपेरी, एक सोनेरी. "हे तुमच्या आईंचं मॉडेल. काटे बघा, स्टीलचे. रुपेरी डायलवर कंपनी सोनेरी काटे देतच नव्हती. आणि हे त्याच कंपनीचं स्वस्तातलं मॉडेल. सोनेरी डायल, सोनेरी काटे, हलकं मशीन. तुमच्या घड्याळात काटे आणि मशीन दोन्ही याचं आलंय. घरात कुणाकडे सोनेरी डायलचं होतं का?"

त्यांनी काकूचं घड्याळ न बघता माझ्यासमोर आणून ठेवलं होतं.

मग त्यांनी मला विचारलं आणि मी सगळं सांगितलं. दोन्ही घड्याळं एकत्र धुवायला दिली होती हे ऐकल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. "संपलं तर मग. दोन्ही खोलली, सगळे भाग एकाच भांड्यात पेट्रोलमध्ये टाकले, आणि बसवताना याचं त्यात गेलं. चोरी करणारा मशीन बदलेल, मान्य. पण चोर काटे बदलत नाही. काटे कशाला बदलेल? ते तर वरूनच दिसतात. उलट पकडला जाईल. ज्यानं हे केलं त्याला काही केलंय हेही माहीत नव्हतं."

"किंवा नंतर कळलं आणि कबूल केलं नाही," मी म्हटलं. मला आठवलं, त्या दुरुस्तीवाल्यानं घड्याळ हातात घ्यायलासुद्धा नकार दिला होता.

"तेही असेल. दुसरं घड्याळ असेल तर घेऊन या. त्याच्यावर स्टीलचे काटे असणार. वाटल्यास ज्याचं त्याला परत बसवून देतो."

खाली रस्त्यावर आल्यावर मी बराच वेळ एका दुकानासमोर उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. आई म्हणत होती ते बरोबर निघालं होतं, आतलं खरंच बदललेलं होतं. पण मला चोरी हवी होती आणि हाती आली होती ढिलाई. कुणाच्या तरी एका दुपारच्या ढिलाईपायी माझ्या आईनं आपल्या जावेला चोर ठरवलं आणि तशीच गेली. आणि काटे! काटे तर तिनं स्वतः पाहिले होते. उजेडात धरून, खूश होऊन, मला दाखवले होते. मीही पाहिले होते. दोघींपैकी एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की स्टीलचा काटा घासून सोन्याचा कसा होईल. जिच्या मनगटावर ते स्टीलचे काटे गेले, तिलाही नाही. एखादी गोष्ट छान दिसली की बाई विचारत नाही, वाईट झाली की लगेच विचारते, असंच काहीतरी असावं.

तरीसुद्धा टिटवाळ्याला जायचंच होतं. काकू आता मुलाकडे टिटवाळ्याला असते, स्टेशनपासून आत, नव्या इमारतींच्या रांगेत. काकूच्या घड्याळावर स्टीलचे काटे दिसले की मी काय बोलायचं ते जाताना घोकत होते. "काकू, आई खोटी नव्हती. आणि तूही चोर नव्हतीस." हे दुसरं वाक्य मी बरंच नंतरसाठी ठेवलं होतं, पहिलं आधी येणार होतं. आईच्या बाजूची मी, सांगितलंच.

दार काकूनंच उघडलं. मुलगा-सून कामावर गेलेले. मी तिला कित्येक वर्षांनी बघत होते. वाळून एवढीशी झालीये, पण आवाज तोच, एक्स्चेंजमधला, खणखणीत. "तू? ये. चपला बाहेर काढ, लादी पुसलीये." जणू मी कालच येऊन गेलेले. चहा केला, मला ओट्यापाशीही येऊ दिलं नाही. मग समोर बसली आणि म्हणाली, "बोल. उगाच येणाऱ्यातली तू नाहीस."

मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तिनं ते लगेच ओळखलं. हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

"काकू, तुझं आहे का अजून?"

ती आत गेली आणि देवघराच्या खणातून एक कुंकवाची जुनी डबी घेऊन आली. डबीत घड्याळ. सोनेरी डायल, त्यावर स्टीलचे काटे. डॉक्टरांनी सांगितलं होतं तस्संच. मी डॉक्टरांची सगळी हकिगत सांगायला लागले, मशीन, ज्वेल्स, पेट्रोल. म्हटलं, हे उघडून बघितलं की नक्की होईल.

"उघडायला नको," काकू म्हणाली. "आत काय आहे ते मला माहितीये."

"कधीपासून?"

"कल्याणला होतो तेव्हापासून. बंद पडलं म्हणून दुरुस्तीला दिलं होतं. तो म्हणाला, बाई, हे मशीन या घड्याळाचं नाही, याच्यापेक्षा भारीतलं आहे. तिथल्या तिथे लक्षात आलं माझ्या. म्हटलं, म्हणजे ती बोलत होती ते खरं होतं. मी घेतलं नव्हतं, पण गेलं होतं."

"आणि तू तिला सांगितलं नाहीस?"

"ती आली असती तर सांगितलं असतं."

"ती का येईल?"

"संक्रांतीला," काकू म्हणाली, अगदी साधेपणानं, मला कसं कळत नाही अशा आवाजात. "धाकटी जाऊ तिळगूळ घेऊन थोरलीकडे येते. थोरली जात नाही आधी. मी म्हटलं, या संक्रांतीला येईल. दारातच सांगेन, बाई गं, तुझंच बरोबर होतं, आत ये. नाही आली. मग म्हटलं, पुढच्या. दर वर्षी हळदीकुंकवाला तिचं वाण बाजूला काढून ठेवायचे मी. रथसप्तमी उलटली की वापरायला घ्यायचे. तुझे काका गेल्यावर हळदीकुंकू बंद झालं, तरी तिळगूळ असतोच ना. काहीतरी आणून ठेवायचेच. ती सांडशी तिची. ती गाळणी तिची. तू साखर घेतलीस ती वाटी तिची." मग म्हणाली, "यंदा काही आणलं नाही."

कुणाला यात काही गोड वाटेल, वाटो. दोघी जावा एकमेकींचं मशीन मनगटावर घेऊन फिरत होत्या वगैरे. मला संताप आला. मी वाटी खाली ठेवली आणि जे मनात आलं ते बोलले. म्हटलं, "काकू, कल्याण ते डोंबिवली रिक्षा मिळते. फोन तर तुझ्या नोकरीचाच होता. एक वाक्य बोलायचं होतं. तिला रोज सकाळी ते घड्याळ लावताना मी बघत होते. रोज. आणि तू इथे गाळण्या साठवत बसलीस?"

"तिनं मला चोर म्हटलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात."

"तिचंही होतं ते स्वयंपाकघर."

"हो," काकू म्हणाली. "तिचंही होतं." मग म्हणाली, "चुकलंच. पण चुकलं हे कळायला ती जावी लागली. आधी नुसता राग होता, आणि राग म्हणजे आपलंच बरोबर आहे असं वाटत राहतं."

मी जे सांगायला गेले होते ते तिला माझ्याआधी कितीतरी वर्षं माहीत होतं. आई खरी होती हे मोठ्यानं म्हणायचं म्हणून मी आले होते, आणि ते तिनंच म्हणून टाकलं होतं, माझ्यासमोर, एकटीनं, रिकाम्या घरात. मला रडू आलं. आईच्या दिवसांत मी इतकी रडले नव्हते. काकूनं पाण्याचा पेला पुढे केला, आणि मी पाणी पीत असताना तिनं विचारलं.

"शेवटी माझं नाव काढलं होतं का गं तिनं?"

काढलं होतं. शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, अगदी स्पष्ट शब्दांत. "मी गेले की थोरलीला कळवायचं नाही. माझ्या दारात यायची नाही ती." मी तिचा हात धरून हो म्हटलं होतं आणि तसंच वागले. आई गेल्याचं काकूला दहावा झाल्यावर कळलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या फोटोवरून. तिच्या मुलानं मला तेव्हा फोन केला होता, मी उचलला नव्हता.

मी आयुष्यात कधी जीभ आवरलेली नाही. बँकेत काउंटरवर असताना साहेबालासुद्धा तोंडावर सुनवायचे. पण काकू समोर बसली होती, पदर मुठीत धरून, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

"हो, काढलं होतं," मी म्हटलं. "म्हणाली, मी गेले की वहिनींना कळवा."

भांडणाआधी आई तिला वहिनी म्हणायची. त्यानंतर कधीच नाही.

"वहिनी म्हणाली?"

"हो."

काकूनं मान खाली घातली. ओठ हलत होते, बहुतेक तोच शब्द म्हणून बघत होती. मला वाटलं, बरं केलं. एका म्हाताऱ्या बाईला धरायला काहीतरी दिलं, आईचं यात काय गेलं? पण माझ्या डोक्यात पुढचं आलंच नव्हतं. तिच्या डोक्यात आलं. तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते.

"मग मला का नाही कळवलं?"

आता खरं सांगायचं किंवा आपल्या अंगावर घ्यायचं, तिसरं काही नव्हतं.

"राहून गेलं, काकू."

"राहून गेलं?" तिचा आवाज त्या खोलीत मावेना. "तिनं बोलावलं होतं मला. मरताना बोलावलं होतं, आणि तुझ्याकडून राहून गेलं? आले असते गं मी. या गुडघ्यांनी जिने चढून आले असते. तोंडात पाणी घातलं असतं तिच्या. तेवढ्यासाठी तर जगत होते मी, आणि तू... मगाशी मला कोण शिकवत होतं, रिक्षा मिळते म्हणून?"

मान खाली घालून ऐकत राहिले. इतकं मी कुणाचंच ऐकलेलं नाही, आईचंसुद्धा नाही. ती बोलत होती ते सगळं खरं होतं, फक्त मला लागू नव्हतं. बोलून बोलून ती थकली, मग उठली आणि दार उघडून उभी राहिली. मी आईचं घड्याळ उचललं. तिचं तिथेच टेबलावर राहिलं. ज्याचं त्याला बसवून घेण्याची गोष्ट कुणी काढली नाही.

त्यानंतर ती माझा फोन घेत नाही. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "आई म्हणते, तिचं नाव माझ्यासमोर काढू नका. अगं, काय केलंस तरी काय तू?" मी म्हटलं, चुकलं माझं, आणि विषय बदलला. एका वाक्यात सगळं सांगता येईल. सांगितलं तर काकू माझ्यावरचा राग सोडेल, कदाचित जवळही घेईल. पण ते वाक्य आईचं आहे, आणि ते काकूनं ऐकलेलं मला चालणार नाही. दर रविवारी जेवण झाल्यावर मी तिला फोन लावते. पूर्ण रिंग होते आणि बंद होते. मग मी फोन ठेवते आणि भांडी घासायला घेते.